विद्यार्थिनी क

मानवशास्त्र विभागात वर्गावर्गांतून ओळख लपवण्याचे शास्त्र शिकवले जात असे, आणि चहाच्या खोलीत ती उघडी पाडण्याची कला. कुणाचा नवा लेख छापून आला की त्यातले ‘वरचे गाव’ म्हणजे नेमके कोणते, ‘एक ज्येष्ठ माहितगार बाई’ म्हणजे कुठल्या दुकानदाराची सासू, हे ओळखण्याची चढाओढ लागे. नदीचे एखादे वळण, शाळेच्या छपराचा प्रकार, एवढ्यावर ही मंडळी गाव हुडकून काढीत आणि समाधानाने कप विसळायला ठेवीत. बक्षीस काही नसे. बुद्धीची खाज भागली की पुरे. यात कुणाचे काही बिघडते असे कुणाला वाटत नसे, कारण ज्यांचे बिघडायचे ती माणसे त्या टेबलाशी कधी बसलेली नसत.

म्हणून त्या दुपारी सरांनी भरल्या सभागृहात “तिला आपण विद्यार्थिनी क म्हणू या” असे म्हटले, तेव्हा पुढच्या चार वाक्यांत काय होणार हे मागच्या रांगेत बसलेल्या धाकटीला कळून चुकले.

धाकटी हे तिचे घरचे नाव. थोरल्या बहिणीने वसतिगृहात सोडायला आल्यावर सगळ्यांदेखत त्याच नावाने हाक मारली, आणि विभागातल्या संशोधक विद्यार्थ्यांत ती वयानेही सर्वांत लहान असल्यामुळे नाव चिकटले ते चिकटलेच. सर तिचे मार्गदर्शक. प्रसंग होता अध्यापकांच्या कार्यशाळेचा: ‘दिव्यांग विद्यार्थी आणि आपली जबाबदारी’. जबाबदारीची जाणीव असलेले अध्यापक पुरेसे न जमल्यामुळे रिकाम्या खुर्च्या भरायला संशोधक विद्यार्थ्यांना बसवले होते.

सर बोलत उत्तम. आवाज खालचा, वाक्ये घडवलेली, आणि मधली शांतता कुठे ठेवायची याचे भान पक्के. त्यांनी काळजीही घेतली होती, हे नाकारता येणार नाही. धाकटीच्या विधवा आईचे त्यांनी विधुर वडील केले होते आणि तिचे समुद्राकाठचे गाव डोंगरात नेऊन ठेवले होते. मात्र ग्रंथालयाचा जिना त्यांनी जागच्या जागी ठेवला. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी विद्यार्थिनी क त्याच जिन्यावर कोसळली होती. लोकांना वाटले पाय घसरला, आणि तिनेही लोकांना तसेच वाटू दिले. तिच्या भेटीगाठी फक्त सकाळी असतात, जागरण तिला चालत नाही, आणि तिचा अभ्यासविषय तर चक्क पाण्याकाठचा आहे, हेही त्यांनी ठेवले, कारण त्याशिवाय तिच्या जिद्दीला उठाव येत नव्हता. मग ‘अपस्मार’ हा शब्द त्यांनी असा सावकाश उच्चारला, की जणू एखाद्या दिवंगत विद्वानाचा उल्लेख करीत आहेत. “तिनं मला हे विश्वासानं सांगितलं,” असे म्हणताना त्यांना चष्मा काढून डोळे खरोखर पुसावे लागले.

मागे वळून कुणीही पाहिले नाही. माणसांना ठाऊक नसते तेव्हा ती इकडेतिकडे पाहतात, शेजाऱ्याला कोपर मारतात. ठाऊक झाले की ती समोर पाहू लागतात. विभागाच्या चार रांगा एकदम समोर पाहू लागल्या.

विद्यापीठाचा नियम खरे तर साधा होता. विद्यार्थी साहाय्य केंद्राकडे आजाराचे कागद द्यायचे. केंद्राने विभागाला काय करायचे तेवढे कळवायचे, का करायचे ते नाही. सरांनी वर्षभर तो नियम पाळला. पण न विचारण्याचेही त्यांना ओझे होऊ लागले असावे. एके दिवशी तिच्या प्रबंधाचे प्रकरण तपासून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुला सांगावेसे वाटले तरच सांग, माझी सक्ती नाही, आणि ते माझ्यापाशीच राहील. हे ते इतक्या मायेने म्हणाले, की न सांगणे हा उद्धटपणा ठरला असता. तिने सांगितले. त्या दिवशी वसतिगृहाकडे जाताना तिला हलके वाटले होते. सरांना एखादे वेळी क्षमा करता आली असती. त्या हलके वाटण्याला करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून विभाग तिच्याशी प्रेमाने वागू लागला. जिना उतरताना कुणी ना कुणी बरोबर असे, आणि योगायोगाने नेहमी कठड्याच्या विरुद्ध बाजूला. वाचनालयात ती बसली की पलीकडची बाई, तिच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून, दिवा हळूच तिरपा करी. धाकटीला एका जागी बसवेनासे झाले. ती खुर्ची बदली, मग मजला, मग इमारत. पुस्तक उघडी आणि तेच पान तीनदा वाचून मिटून टाकी. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती फेऱ्या घालू लागली आणि मग लक्षात आले, की फेऱ्या घालणारी बाईही आता लक्षणांत मोजली जाणार. तेव्हा ती बाहेर पडून रस्त्याने चालू लागली.

चहाच्या खोलीत तिच्याबरोबरीचा संशोधक, ज्याला त्याच्या उंचीमुळे सगळे लांबोडा म्हणत, तिच्या हातातली किटली काढून घेऊ लागला.

“दे इकडे, मी ओततो.”

“का?”

“अगं, गरम आहे.”

“काल काय गार होता?”

लांबोड्याचे कान लाल झाले. तो चांगला मुलगा होता, आणि चांगल्या मुलांचे कान लवकर लाल होतात. किटली मात्र त्याने सोडली नाही.

इतक्यावर भागले असते तर धाकटीने दात-ओठ खाऊन वर्ष काढले असते. पण तिची क्षेत्रकार्याची परवानगी अडली. खाडीच्या मुखाशी ‘तर’ चालवणारी वस्ती होती; माणसे, सायकली, बकऱ्या या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या नावा. तिथे वर्षभर राहून तिला काम करायचे होते. विभागाच्या परवानगी समितीने तोंडी होकार दिला होता, फक्त शिक्का बाकी होता. कार्यशाळेनंतरच्या आठवड्यात कळले, की अर्ज पुनर्विचारासाठी घेतला आहे. परवानगी नाही तर क्षेत्रकार्य नाही, आणि क्षेत्रकार्याशिवाय त्या विभागात प्रबंध कुणी हातातही धरीत नसे.

पाण्याचा विचार तिने केला नव्हता असे नाही. समितीतल्या सगळ्यांनी मिळून जन्मात केला नसेल इतका तिने केला होता. औषधे बदलल्यापासून दोन वर्षे तिला झटका आलेला नव्हता. तरीही नावेत एकटीने बसायचे नाही आणि तरंगते जाकीट अंगावरून काढायचे नाही, हे तिने आराखड्यात आधीच लिहिले होते. जिच्या घरी ती राहणार होती त्या नावाडणीला तिने स्वतःच एका वाक्यात सांगून टाकले होते. झटका आला तर काय करायचे, एवढे नावाडणीने विचारले, आणि मग वरचा माळा नको, खालची खोली देते, पण तिथे जाळी पडली आहेत ती उचलायला लागतील, म्हणून कुरकुर केली. तिथे काय सांगायचे आणि कुणाला, हे धाकटीने ठरवले होते.

ती सरांकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितले. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“मी तुझं नाव घेतलेलं नाही,” सर म्हणाले. ते हेच म्हणणार हे तिला ठाऊक होते.

“नावाची गरजच पडली नाही, सर. तुम्ही जिना सांगितलात.”

“जिना कुठलाही असू शकतो.”

“माझ्या पहिल्या प्रकरणावर तुम्ही काय शेरा मारला होतात? ‘या माहितगार बाईचं वय, तिच्या मुली आणि दाराचा रंग एकत्र दिलास तर गावातलं शेंबडं पोरही तिला ओळखेल.’ मी रंग काढला. वयही काढलं.”

सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर काम सोपे होते. आपल्या कारकिर्दीत त्यांनी शेकडो अनोळखी माणसांच्या ओळखी जपल्या होत्या, त्यावर एक प्रमाण मानली जाणारी नियमावलीही लिहिली होती, आणि आपल्याच व्हरांड्यातल्या मुलीला ती लागू पडते हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. अभ्यासाचा विषय दूर राहतो, बोटीने किंवा बसने जाऊन गाठावा लागतो, अशी त्यांची मनोमन समजूत होती.

“हेतू बघ ना, गं,” ते म्हणाले. “त्या भाषणानंतर लोक येऊन भेटले मला. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं.”

“त्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून मी नव्हतं सांगितलं.”

मग त्यांनी तडजोड सुचवली. परवानगीचे मी बघतो, पण सगळ्यांना काळजी वाटते आहे, तर तूर्त ग्रंथालयात बसून होईल असा एखादा विषय घेतलास तर? जुनी कागदपत्रे, तरींचे परवाने, फार सुंदर साधने आहेत. ते हे इतक्या उत्साहाने सांगू लागले, की आपण ज्या जिन्याचे वर्णन केले तो त्याच ग्रंथालयाचा, हे ते विसरले असावेत.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. आई म्हणाली, मी बजावून सांगितले होते, कुणापाशी तोंड उघडू नकोस म्हणून. आता परत ये, इथे काय कमी आहे. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या थोरलीने आईच्या हातातून फोन घेतला.

“रडतेयस का?”

“नाही.”

“मग रड थोडी आणि तक्रार कर. आमच्या काउंटरवर कोण काय गोळ्या नेतो हे मी बोलायला लागले तर गावात एक लग्न टिकणार नाही. मी बोलते का? दहावी पास बाई मी. आणि हे डॉक्टरेटवाले.”

दुसऱ्या दिवशी धाकटी साहाय्य केंद्रात गेली. तिथली समुपदेशक सज्जन आणि थकलेली बाई होती. तिने तक्रारीची रीत समजावून सांगितली. तक्रार एका समितीपुढे जाईल, समितीला आजाराचा दाखला लागेल, आणि न्यायाचे तत्त्व म्हणून दाखल्याची प्रत ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांनाही मिळेल.

“म्हणजे एकानं सांगितलं, याची तक्रार करायला मी आणखी पाच-सात जणांना सांगायचं.”

“गोपनीयतेची हमी असते,” समुपदेशक म्हणाली, आणि म्हणतानाच तिला स्वतःला ते पटले नसावे, कारण ती खिडकीबाहेर पाहू लागली.

“हमी सरांनीही दिली होती.”

धाकटी दारापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या डोक्यात काहीतरी दोन दिवस नुसते घुमत होते, ते आता जागेवर बसले. तिने विचारले, विभागाच्या समितीने परवानगी नाकारली तर कारण लेखी द्यावे लागते का?

“द्यावं लागतं,” समुपदेशक म्हणाली. “पण कुणी मागत नाही.”

परवानगी समितीच्या बैठकीच्या दिवशी धाकटी वेळेच्या आधीच पोहोचली आणि बंद दारासमोर येरझाऱ्या घालीत राहिली. आत बोलावले तेव्हा टेबलाच्या शिरोभागी विभागप्रमुख मॅडम होत्या, उजवीकडे सर, आणि डावीकडे एक प्राध्यापिका, जिला विद्यार्थी पाठीमागे खाष्ट बाई म्हणत आणि फारशा आडपडद्याने नाही. ती कुणाची विचारपूस करीत नसे, कुणाला चहा पाजीत नसे, आणि प्रकरणे परत करताना पानापानांवर काट मारून देई. कोपऱ्यात विभागाचा कारकून इतिवृत्त लिहायला बसला होता. तो सुट्टीवरून नुकताच परतला होता आणि कार्यशाळेचे भाषण ऐकण्याचा योग त्याला लाभला नव्हता.

मॅडमनी सुरुवात आपुलकीने केली. विभाग म्हणजे कुटुंब, तू आम्हाला मुलीसारखी, आणि मुलीला पाण्याशी पाठवताना आईबापांच्या जिवाची कालवाकालव होणारच, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी तिच्या प्रकृतीविषयी विचारले.

धाकटीने हात मांड्यांखाली दाबून धरले.

“समितीला माझ्या प्रकृतीबद्दल काय माहीत आहे, मॅडम?”

“आता ते आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“काय ठाऊक आहे?”

मॅडमनी सरांकडे पाहिले. सरांनी पाण्याच्या ग्लासाकडे पाहिले. तो शब्द टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाच्या ओठांवर होता, आणि भरल्या सभागृहात ऐकलेला शब्द चारचौघांत उच्चारायची कुणाची हिंमत नव्हती.

धाकटी मग ठरवून आलेले बोलली. वाक्ये क्रमाने आली. सुरक्षिततेचे उपाय आराखड्यात आहेत, ते अपुरे वाटत असतील तर कुठले ते सांगावे, मी वाढवीन. मागच्या वर्षी लांबोडा मासेमारीच्या बोटींवर चार महिने राहिला. त्याला पोहता येत नाही, आणि हे त्यानेच चहाच्या खोलीत हसत हसत सांगितले होते. त्याला कुणी प्रकृती विचारली नाही. “नाही म्हणायचं असेल तर म्हणा,” ती शेवटी म्हणाली. “फक्त कारण लिहून द्या.”

मॅडमना हे अगदी रास्त वाटले. त्या कारकुनाकडे वळल्या आणि सांगू लागल्या, “लिहा. अर्जदाराच्या प्रकृतीच्या कारणास्तव परवानगी—”

“कसली प्रकृती, मॅडम?” कारकुनाने विचारले. त्याच्या मनात काही नव्हते. त्याला ओळ पुरी करायची होती. “अर्जात तर काही दिसत नाही. केंद्राचंही काही आलेलं नाही. कशाच्या आधारे लिहू?”

मॅडमनी पेन उचलले, टोपण काढले, परत लावले. सरांच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता. मग एकेक पायरी उतरल्यासारखे त्यांना कळत गेले, आणि चेहरा राखेसारखा झाला.

“लिहा की,” खाष्ट बाई म्हणाली. तिचा आवाज ती दुपारभर काट मारीत बसते तेव्हाचाच होता. “मार्गदर्शकांनी विश्वासात घेऊन जाणून घेतलेली व नंतर जाहीर व्याख्यानात सांगितलेली माहिती, तिच्या आधारे. तारीख घाला. सही कोण करतंय?”

सही करायला कुणीच पुढे झाले नाही. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, की आराखड्यात सुरक्षिततेचा विचार पुरेसा झालेला दिसतो. मग जाता जाता त्यांनी एक अट घालून पाहिली: मार्गदर्शकांनी दर आठवड्याला फोन करून तब्येतीची चौकशी करावी. धाकटीने याचेही कारण लेखी मागितले. अट कारकुनाच्या कागदावर उतरण्याआधीच विरली. परवानगी मंजूर झाली, आणि शिक्का मारताना कारकुनाने तिचे अभिनंदन केले, कारण त्या खोलीत झाले काय हे कळलेले नसलेला तोच एक होता.

बाहेर आल्यावर तिला वाटले होते आपण हसू, निदान एक मोठा श्वास तरी घेऊ. तसे काही झाले नाही. जे बाहेर पडले होते ते परत कुणाच्या डोक्यातून निघणार नव्हते. लांबोडा उद्याही किटली हिसकावून घेणारच होता.

सर मागून आले. ते थकलेले दिसत होते, आणि क्षणभर तिला त्यांची दया आली.

“तुला मिळालं ना,” ते म्हणाले. “मला खरंच बरं वाटलं.” मग थोडे घुटमळून, “ते भाषण एका नियतकालिकानं मागितलंय. या वेळी मी आधी तुला विचारतोय. मुलीचा मुलगा करीन. जिना काढतो. पाण्याऐवजी डोंगर घालतो. तुला कुणी ओळखणार नाही.”

ते मनापासून विचारत होते. यातून आपण धडा घेतला आहे असे त्यांना वाटत होते, आणि तो धडा तपशील बदलण्याचा होता.

“नाही, सर.”

“नाही म्हणजे, अजून काय बदलू?”

“नाही म्हणजे छापू नका. आणि मला मार्गदर्शक बदलायचाय. तसा अर्ज आजच देते.”

त्यांनी का म्हणून विचारायला तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले, आणि मिटले. ती व्हरांड्याने निघाली, वळणावर थांबली, परत फिरली, पुन्हा निघाली. शेवटी जे दार ती इतकी वर्षे टाळीत आली होती ते तिने ठोठावले.

खाष्ट बाई कुणाच्या तरी प्रकरणावर काट मारीत बसली होती. तिने वर न पाहता ऐकून घेतले.

“मी गोड बोलत नाही,” ती म्हणाली. “आणि महिन्याला वीस पानं मागते.”

“ऐकून आहे.”

“ते दुसरं मला माहीत झालंय, तू न सांगता. ते मला आवडलेलं नाही, पण झालंय. त्याबद्दल तुला काही सांगायचंय का मला?”

धाकटीने या प्रश्नात कुठे माया दडली आहे का ते शोधून पाहिले. नव्हती. बाईची पेन्सिल कागदावर थांबून होती, एवढेच.

“आज नाही,” ती म्हणाली.

“बरं.” बाईने समोरचे प्रकरण बाजूला सारले, हात पुढे करून तिचा आराखडा घेतला आणि बसल्या बसल्याच चाळला. “पूर आला की नावा बंद. तेव्हा ही माणसं काय करतात?”

“ते मला अजून माहीत नाही.”

“चाळीस पानं लिहिलीस आणि हे माहीत नाही,” बाई म्हणाली, आणि पहिल्याच पानावर तिची पेन्सिल आडवी फिरली. “बस. इथून सुरू करू.”

धाकटीने खुर्ची ओढली.